पेरणीआधी मातीला विरजण लावा

भिलाई-दुर्गच्या आणि आसपासच्या गावांतल्या मराठी बंधुभगिनींनो,

धान कापणीला आलंय. शिवनाथ नदीच्या काठाने जरा बाहेर पडलात की दोन्ही अंगांनी पिवळंधमक शिवार दिसेल. थोड्याच दिवसांत ते खळ्यावर येईल आणि त्याच ओलीवर हरभऱ्याची घाई सुरू होईल. मधे जे पंधरा-वीस दिवस आहेत ना, तेवढेच आपल्या हातात आहेत. म्हणून आज लिहितेय. पेरणी झाल्यावर हे लिहून उपयोग नाही.

गेल्या पौषातली गोष्ट. बेमेतऱ्याकडच्या एका ओळखीच्या काकूंच्या शेतावर गेले होते. कन्हार जमीन, काळी, कसदार. हरभरा गुडघ्याला लागलेला. लांबून पाहिलं तर सगळं हिरवं. जवळ गेल्यावर मधे मधे परातीएवढे पिवळे डाग दिसले. तिथली झाडं मान टाकून उभी होती. पानं गळली नव्हती, नुसती लोंबत होती. काकूंनी एक झाड उपटलं, नखाने मूळ उभं चिरलं आणि माझ्यापुढे धरलं. पांढऱ्या गाभ्याच्या मधोमध काळपट तपकिरी रेघ, पेन्सिलीने ओढल्यासारखी.

"आता काय टाकू गं?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. कारण तेव्हा उत्तर नव्हतंच.

ती रेघ म्हणजे मर रोग. इथले शेतकरी त्याला उकठा म्हणतात. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळातून शिरते आणि झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते. वरून कितीही पाणी द्या, झाड तहानेनंच मरतं. काकूंनी दुकानदाराच्या सांगण्यावरून औषध आणलं, मुळाशी ओतलं. पैसे गेले, डाग पसरत राहिले. फाल्गुनात जे पोत्यात आलं त्यातून बियाण्याचे आणि मजुरीचे पैसे जेमतेम सुटले. किसान क्रेडिट कार्डाचा हप्ता राहिला, धाकट्याची फी राहिली.

तुमच्या शेतात हे होऊ नये. आणि ते टाळणं तुमच्या हातात आहे, मात्र आत्ता.

ट्रायकोडर्मा हे नाव तुम्ही ऐकलं असेल. कृषी केंद्राच्या भिंतीवरच्या तक्त्यावर वाचलं असेल, पाकिटावर पाहिलं असेल. तीही बुरशीच आहे. पण ती आपल्या बाजूची. हिरवट रंगाची, ओल्या मातीत, कुजक्या पानांत, लाकडाच्या सालीवर राहणारी. 1932 साली वाइंडलिंग नावाच्या संशोधकाने दाखवून दिलं की ही बुरशी रोपं मारणाऱ्या दुसऱ्या बुरशीला अक्षरशः वेटोळे घालते. वेल काठीला चढतो तशी ती शत्रूच्या धाग्याला गुंडाळते, त्याची भिंत विरघळवणारे रस सोडते आणि आतलं खाऊन टाकते. शिवाय ती वाढते भराभर. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत एक ठिपका ठेवला तर चार-पाच दिवसांत बशी भरते. मुळाभोवतीची जागा तिने आधी धरली की मर लावणाऱ्या बुरशीला बस्तान बसवायला जागाच उरत नाही.

"आधी" हा शब्द लक्षात ठेवा. सगळं गणित त्या एका शब्दात आहे. ट्रायकोडर्मा हे पहारा देणारं औषध आहे. मेलेलं झाड ते उठवत नाही. रोग शेतात दिसल्यावर तुम्ही धावत जाऊन पाकीट आणलंत, तर ते चोर गेल्यावर कुलूप लावल्यासारखं होईल.

आणि चोर कुठे बसलाय ते ऐका. फ्युजेरियम जमिनीत हरभरा न घेताही सहा वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते. म्हणजे आज पाचवीत असलेली तुमची मुलगी अकरावीत जाईल, तरी ती बुरशी त्याच बांधाच्या आत असेल. रोगट शेतातल्या बियाण्याबरोबर ती दुसऱ्या शेतातही जाते. "गेल्या वर्षी थोडंसंच लागलं होतं" असं म्हणून यंदा त्याच शेतात, त्याच घरच्या बियाण्याने हरभरा पेरणार असाल, तर कृपा करून थांबा. ते बियाणं डाळीला वापरा, पेरणीला नको. विजय, दिग्विजय, जाकी 9218 अशा मर रोगाला तोंड देणाऱ्या जाती आहेत, त्यांचं बियाणं शोधा. जमलं तर त्या तुकड्यात यंदा गहू, मोहरी किंवा जवस घ्या.

धानाच्या बांधीत हरभरा घेणाऱ्यांना आणखी एक धोका आहे आणि तो आपल्या भागात फार मोठा आहे. धान कापलं, बुडखे तसेच राहिले, जमीन ओली, आणि त्यावर घाईने पेरणी झाली. अशा ओल्या, अर्धवट कुजलेल्या काडीत मानकूज करणारी बुरशी मजेत वाढते. उगवून आठ-पंधरा दिवस झाले की रोपं जमिनीलगत कुजून आडवी पडतात. वाकून पाहा: मानेजवळ पांढरे कापसासारखे धागे आणि त्यात मोहरीसारखे बारीक तपकिरी दाणे. ते दाणे म्हणजे तिचं बियाणं. ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. ट्रायकोडर्मा या दाण्यांतही शिरते आणि त्यांना आतून पोखरून पोकळ करते. म्हणून काडी काढा, नांगरट होऊ द्या, उरलेल्या बुडख्यांना कुजायला थोडा वेळ द्या. आणि पैरा, म्हणजे धानाची काडी, जाळू नका. जाळलात तर वरच्या थरातली आपली बुरशीही जळते.

पैऱ्यावरून आठवलं. ही बुरशी काडी, कापूस, लाकूड कसं पचवते याचा एक दाखला सांगते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैनिकांचे सुती तंबू कुजू लागले. शोध घेतल्यावर जी बुरशी सापडली ती ट्रायकोडर्माच्याच कुळातली निघाली. तिचे वंशज आज कारखान्यांत कापड मऊ करण्यासाठी रस तयार करून देतात. तंबू खाणाऱ्या बुरशीचं हे कूळ तुमच्या शेतातला पैराही खाऊन त्याचं खत करतं. जाळायचं कशाला?

आता कामाचं बोलते. तुमच्या घरात कोणाला तरी दही लावता येतंच. वाटीभर विरजण, कोमट दूध, झाकण, एक रात्र. हेही तसंच आहे. शेणखत म्हणजे दूध, ट्रायकोडर्माची पावडर म्हणजे विरजण. उकळत्या दुधात विरजण घालून चालत नाही, तसं ताज्या गरम शेणात ही पावडर घालून चालत नाही, ती मरते. उकिरड्याच्या, म्हणजे इथल्या घुरव्याच्या, तळाचं मुरलेलं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत घ्या. एका एकराला 100 किलो खत आणि 1 किलो पावडर. झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत थर लावा: खत, पावडर, खत, पावडर. पाणी शिंपडा. मूठ आवळली तर लाडू व्हावा, पण पाणी गळू नये, एवढंच. वर ओलं गोणपाट टाका. तीन-चार दिवसांनी वरखाली करा, ओल टिकवा.

आठवड्याने गोणपाट उचला. खतावर पांढरी, मग हिरवट साय धरलेली दिसेल. ती दिसली की समजा, विरजण लागलं. दहा ते पंधरा दिवसांत रास तयार होते. शेवटच्या वखरणीच्या वेळी, संध्याकाळी, ओल्या जमिनीत ती पसरा आणि लगेच मिसळून टाका. उन्हात उघडी ठेवू नका.

दुसरं काम बियाण्याचं. एकरी साधारण 30 किलो हरभरा लागतो. किलोला 5 ग्रॅम या हिशेबाने 150 ग्रॅम पावडर पुरते. बियाणं ताडपत्रीवर घ्या, पाण्याचा हलका शिपका द्या, पावडर चोळा, सावलीत सुकवा. त्यानंतर, अगदी पेरणीआधी, रायझोबियमचं जिवाणू खत लावा. एवढ्याला चहा थंड होईपर्यंतचा वेळ लागतो, आणि तो वेळ पुढचे चार महिने तुमचं पीक राखतो. पावडर चोळताना नाकातोंडावर रुमाल बांधा. दम्याचा त्रास असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

एक चूक मात्र कधीही करू नका. ट्रायकोडर्मा आणि बुरशीनाशक एकत्र करू नका. कार्बेन्डाझिमसारखं औषध चांगली बुरशी आणि वाईट बुरशी यांत फरक करत नाही, दोघींना मारतं. दुकानातून आलेल्या बियाण्याला आधीच रंगीत औषध लावलेलं असेल तर त्यावर ट्रायकोडर्मा चोळू नका. त्याऐवजी खताची रास शेतात टाका. ती मातीत आपलं काम करेल.

धमध्याकडे टोमॅटो, वांगी, मिरची लावणाऱ्यांनो, तुम्हालाही हेच सांगणं आहे. दुर्ग जिल्ह्याचा टोमॅटो दूरदूरच्या बाजारात जातो. भाव पडला की तो रस्त्यावर ओतण्याची वेळ येते, हे आपण पाहिलंय. भाव आपल्या हातात नाही. पण रोपवाटिकेत रोपं कोलमडून मरू नयेत, हे आपल्या हातात आहे. वाफ्यात मुरलेल्या खतातून ट्रायकोडर्मा मिसळा. लावणीच्या दिवशी लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम पावडर कालवा आणि रोपांची मुळं अर्धा तास त्यात बुडवून मग लावा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर तुमचा विश्वास उडेल. टोमॅटो एकाएकी, हिरवाच्या हिरवा कोमेजला तर तो प्रत्येक वेळी बुरशीचा रोग नसतो. खोडाचा वीतभर तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात उभा धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी धार खाली उतरली, तर तो जिवाणूंचा मर रोग आहे. त्यावर ट्रायकोडर्माचा भरवसा धरू नका. ते झाड मुळासकट काढा, बांधाबाहेर न्या, त्या जागेचं पाणी दुसऱ्या सरीत जाऊ देऊ नका, आणि तज्ज्ञांना विचारा. रोग ओळखल्याशिवाय औषध नको. आपल्या लेकराला ताप आला तर आपण असंच करतो ना?

पाकीट घेताना डोळे उघडे ठेवा. हे जिवंत औषध आहे. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः एका दुकानातून पाच पाकिटं आणली. पत्र्याच्या छपराखाली, वैशाखभर लटकवून ठेवलेली होती. भिलाईचा वैशाख कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको, पारा 45 च्या घरात. मी रास घातली, पाणी शिंपडलं, पंधरा दिवस वाट पाहिली. साय धरलीच नाही. पाकिटात नुसती पांढरी पावडर उरली होती, आतला जीव केव्हाच गेला होता. त्यात माझे पंधरा दिवस गेले आणि पेरणीची वेळही गेली. तुमचं असं होऊ देऊ नका. मागची बाजू वाचा. बनवल्याची तारीख पाहा. पावडर साधारण सहा महिनेच टिकते. नोंदणी क्रमांक आहे का पाहा. एका ग्रॅममध्ये किमान 20 लाख जिवंत बीजाणू असावेत असं मानक आहे, तो आकडा छापलेला आहे का पाहा. नसेल तर पाकीट परत ठेवा. घरी आणलं की माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा, गच्चीवर नाही, गाडीच्या डिकीत नाही.

कुठे विचारायचं? रायपूरला इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आहे, 1987 पासून. दुर्ग जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र पाहंद्याला आहे. रायपूरजवळ बरोंड्याला तर पिकांच्या रोग-किडींसाठीच वाहिलेली केंद्र सरकारची संस्था आहे. ती 2012 साली सुरू झाली आणि 28 सप्टेंबर 2021 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली. इतकं ज्ञान तासाभराच्या अंतरावर आहे. आपण लग्नाच्या साड्यांसाठी रायपूरला जातो, मग मुठीत एक उपटलेलं झाड घेऊन का जाऊ नये? मुळासकट, मातीसकट, ओल्या कागदात गुंडाळून न्या. माती झटकू नका.

आता सेक्टरमधल्या क्वार्टरांत राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांशी बोलते. तुम्हाला वाटेल, हे आपल्याला कशाला? 1959 साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली धमनभट्टी पेटली तेव्हापासून आपल्यातली कितीतरी घरं कारखान्याच्या पगारावर उभी राहिली. पण जमीन सुटलेली नाही. कुणाची गोंदियाला आहे, कुणाची भंडाऱ्याला, कुणाची इथेच पाटण-धमध्याकडे. ती अधियाने दिलेली असते, आपण बटई म्हणतो. मालक इथे, कसणारा तिथे. फाल्गुनात वाटा आला की घेतो. वाटा कमी आला की कसणाऱ्यावर चिडतो.

यंदा तसं करू नका. आज रात्री जेवण झाल्यावर तुमच्या बटईदाराला फोन करा. "दादा, गेल्या वर्षी हरभरा सुकला होता का? कुठल्या बाजूला?" एवढंच विचारा. तो सांगेल, त्याला बांधन् बांध पाठ आहे. मग सांगा, "पावडरचे पैसे मी देतो, तुम्ही रास घाला." एकरी किलोभर पावडरीला फार पैसे लागत नाहीत. एका वेळच्या हॉटेलातल्या जेवणाइतकेही लागणार नाहीत. पण त्या घरातल्या माउलीला ते कर्ज काढून आणावे लागतात, म्हणून ती आणत नाही, आणि आपण त्याला आळस म्हणतो. तो आळस नाही. तुम्ही सहज देऊ शकता, आणि तुम्ही द्याल याबद्दल मला शंका नाही.

क्वार्टरमागे बाडी असेल, तिथे वांगी-मिरची-टोमॅटोच्या चार ओळी असतील, तर तिथूनच सुरुवात करा. घमेलंभर मुरलेलं खत, दोन चमचे पावडर, वर ओलं फडकं. शेजारच्या वहिनींना साय दाखवा. मुलांना दाखवा. ज्यांना हिरवी बुरशी म्हणजे शिळी पोळी एवढंच माहीत आहे, त्यांना मातीतली राखणदार कशी दिसते ते कळू द्या.

गावातल्या बचत गटांच्या ताईंनो, तुमच्याकडे तर हात तयार आहे. 2020 च्या हरेलीच्या सणाला गोधन न्याय योजना सुरू झाली तेव्हा शेण दोन रुपये किलोने विकत घेतलं गेलं आणि तुम्ही त्याचं गांडूळखत करून दाखवलंत. सरकारं बदलतात, योजना मागे पडतात, पण शिकलेलं हातातून जात नाही. तयार, थंड झालेल्या खतात ट्रायकोडर्मा मिसळून पंधरा दिवस सावलीत ठेवा. ते खत पेरणीच्या आठवड्यात गावातच विका. धुंडाळत शहरात येण्यापेक्षा शेतकरी तुमच्याकडे येईल.

मला ठाऊक आहे, दिवाळी तोंडावर आहे. चकलीची भाजणी, मुलांचे कपडे, गावाहून येणारे पाहुणे. पण दिवाळी उरकून मग बघू म्हणालात, तर पेरणी निघून जाईल आणि पौषात तुम्ही नखाने मूळ चिरत बसाल. सुपेल्याच्या आकाशगंगा मंडीत पहाटे जी भाजी उतरते, तुमच्या डब्यात जी हरभऱ्याची डाळ असते, ती याच पंधरा दिवसांत वाचते किंवा जाते. मंडीत माल कमी आला की भाव आपल्यालाच जास्त द्यावा लागतो, आणि पिकवणाऱ्याकडे तर विकायलाही काही उरत नाही.

काकूंनी यंदा सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशीच रास घातली. गोणपाटाखालून मूठभर खत काढून त्यांनी मला फोटो पाठवला, हिरवी साय धरलेला. घरचं बियाणं डाळीला काढलं, नवीन जाकी आणलं. त्यांच्या मळ्यात या वर्षी काय होईल ते माघात कळेल. पण त्यांनी वेळेत सुरुवात केली आहे.

तुम्हीही करा. रास तयार व्हायला पंधरा दिवस लागतात आणि पेरणी थांबणार नाही. उद्या सकाळी पाकीट आणा, तारीख पाहून आणा, आणि संध्याकाळच्या आत गोणपाट ओलं करून ठेवा.